परवाना लिफ्टला, शाफ्टात उतरणाऱ्याला काय?

मोर्चे, निवेदने आणि न्यायालयातील तारखा यांतून सवड काढून आम्ही आज लिफ्टविषयी लिहावयास बसलो आहोत, हे पाहून आमचे काही वाचक गालांत हसतील. हसोत. ज्या शहरात एकेकाळी दुमजली वाडा म्हणजे श्रीमंतीची परिसीमा मानली जाई, त्या बेळगावात आज दवाखाने, वसतिगृहे आणि राहत्या इमारती लिफ्टवाचून उभ्या राहत नाहीत. त्या लिफ्टच्या दोराला ज्याचा हात लागतो, त्या माणसाच्या हातात सरकारचा कोणता कागद असतो, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनाला शिवत नाही. आमच्याही शिवला नव्हता.

गेल्या पंधरवड्यात अनगोळचा एक तरुण संध्याकाळच्या वेळी आमच्या कचेरीत आला. पुण्यात आणि नंतर कोल्हापुरात मिळून नऊ वर्षे त्याने लिफ्टच्या देखभालीचे काम केले होते. वायरमनचा महाराष्ट्राचा परवाना त्याच्या खिशात होता. घरी आई थकली म्हणून तो परत आला आणि येथे काम मागू लागला, तेव्हा त्याला ठिकठिकाणी एकच उत्तर मिळाले : कागद तिकडचा आहे, इकडचा आणा. इकडचा आणावयाचा तर नऊ वर्षांचा अनुभव कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे त्याला कोणी सांगेना. तो मोठ्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. उठताना एवढेच म्हणाला, "साहेब, लिफ्ट तिकडं एक नि इकडं एक अशी चालती काय?"

त्याच्या या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण लिफ्टचा परवाना म्हणजे काय याविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे.

लिफ्टविषयी सबंध भारताला लागू असलेला असा संसदेचा एकच कायदा नाही. जो तो प्रांत आपापला कायदा करतो. मुंबई प्रांताने तो १९३९ साली केला. त्या वेळी बेळगाव त्याच प्रांतात होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमची वाट कोणी आणि कशी वळविली, ती कथा या स्तंभाच्या वाचकांस पाठ आहे. कर्नाटकाने १९७४ साली आपला स्वतंत्र लिफ्ट कायदा केला आणि त्यानंतर सरकते जिने व प्रवासी वाहक पट्टे यांना सामावून घेणारा २०१२ चा अधिनियम आणला. महाराष्ट्राने १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ चा अधिनियम केला. बडोद्याचे आमचे बांधव गुजरातच्या २००० सालच्या कायद्याखाली येतात. उत्तर प्रदेशासारख्या अवाढव्य राज्याला तर असा कायदा करण्यास २०२४ साल उजाडले; तोही ग्रेटर नोएडात सप्टेंबर २०२३ मध्ये एका बांधकामावरील लिफ्ट कोसळून मजूर मेल्यानंतर. त्याच महिन्यात ठाण्यात चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावरील लिफ्ट खाली येऊन सात कामगार प्राणास मुकले होते. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आमच्या पूर्वजांनी सरकारांकडे पाहूनच रचली असावी.

असो. या कायद्यांचा सांगाडा बहुतांशी एकाच साच्यातला आहे. ज्याला आपल्या इमारतीत लिफ्ट बसवावयाची, त्या मालकाने आधी परवानगी मागावी; अधिकृत ठेकेदाराकडून ती उभारावी; उभारणी पुरी झाल्यावर सरकारच्या निरीक्षकाने येऊन ती तपासावी; आणि मग लिफ्ट चालविण्याचा परवाना मिळावा. पुढे ठराविक काळाने फी भरावी, तपासणी व्हावी, आणि दोष आढळला तर तो दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. योजना चांगली आहे, तिच्याविषयी आमचे भांडण नाही. परंतु तिच्यात कोणकोण आहेत ते पाहा. मालक आहे, ठेकेदार आहे, निरीक्षक आहे, आणि सरकारी मराठीत जिला उद्वाहन म्हणतात ती लिफ्ट आहे. परवान्याची चौकट मढवून भिंतीवर टांगली जाते ती लिफ्टची. ज्याला रात्री अकरा वाजता बोलावणे येते, जो तेलकट खड्ड्यात उतरतो, जो काउंटरवेटच्या वाटेत मान घालून दोराचे तुटलेले धागे मोजतो, तो कारागीर या योजनेत ठेकेदाराच्या सावलीत उभा आहे. त्याचे स्वतःचे नाव त्या चौकटीत नाही.

त्याच्याजवळ स्वतःच्या नावाचा जो एक कागद असू शकतो तो विजेचा. विजेची कामे परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या माणसाकडूनच करवून घ्यावीत, असा दंडक भारतीय विद्युत नियमांच्या ४५ व्या नियमात होता. हे नियम १९५६ सालचे. ज्या वर्षी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याच वर्षी कारागिराच्या परवान्याचा हा नियम झाला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. आणि त्या नियमातले दोन शब्द आम्ही वाचकांच्या विशेष लक्षात आणून देतो. परवाना राज्य सरकारने 'दिलेला अथवा मान्य केलेला' असावा, असे त्यात म्हटले आहे. २०१० आणि २०२३ च्या केंद्रीय विनियमांतही ही रचना पुढे चालू राहिली. म्हणजे शेजारच्या राज्याने दिलेला परवाना मान्य करण्याचे दार कायद्याने भिंतीत ठेवलेले आहे. ते उघडावयाचे की नाही, हे मात्र दाराशी बसलेल्याच्या मर्जीवर.

आता कोणी म्हणेल की, लिफ्ट म्हणजे वीजच. वायरमनचा परवाना असला म्हणजे झाले, आणखी वेगळा परवाना कशाला? हा आक्षेप लिफ्टचे पोट न पाहिलेल्या माणसाचा आहे. सामान्य प्रवाशाला भय वाटते ते दोर तुटण्याचे. वस्तुतः त्या भयाचा बंदोबस्त एकोणिसाव्या शतकातच झाला. एलिशा ओटिस नावाच्या कारागिराने १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः लिफ्टच्या फळीवर उभे राहून, वरचा दोर कापवून दाखविला आणि फळी जागच्या जागी अडकली. आजच्या लिफ्टला एकाऐवजी अनेक दोर असतात. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर त्याची दखल घेतो आणि पाळण्याखालचे जबडे मार्गदर्शक रुळांना घट्ट धरतात. खरा धोका दाराशी असतो. मजल्यावरचे प्रत्येक दार बंद होऊन कुलूप बसल्याखेरीज लिफ्ट हलू नये, म्हणून त्या कुलपात विजेचा एक जोड ठेवलेला असतो. दुरुस्ती करताना दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी कारागीर कधीकधी त्या जोडावर तारेचा एक तुकडा टाकतो; या तुकड्यास धंद्यात जम्पर म्हणतात. काम आटोपल्यावर तो तुकडा काढावयाचा राहिला, तर लिफ्ट दार उघडे असतानाही चालू लागते. वीतभर तार! मग कोणी उंबऱ्यावर पाय ठेवतो आणि पाळणा वर निघतो. निरीक्षक वर्षातून किती वेळा येणार? मधल्या सर्व दिवसांत प्रवाशाचा जीव राहतो तो तारेचे तुकडे मोजून परत पिशवीत टाकणाऱ्या त्या माणसाच्या शिस्तीवर. वायरमनच्या परीक्षेत घराची जोडणी आणि अर्थिंग विचारतात. हे तेथे कोण विचारणार?

शिवाय यंत्र बदलते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, गच्चीवर स्वतंत्र यंत्रखोली नसलेल्या आणि शाफ्टातच यंत्र बसविलेल्या लिफ्ट येऊ लागल्या. खटखट वाजणाऱ्या रिलेंच्या कपाटांच्या जागी संगणकीय पाट्या आल्या. काही लिफ्टांत पोलादी दोरही गेले आणि चपटे पट्टे आले. ज्याने वीस वर्षांपूर्वी उस्तादाच्या हाताखाली विद्या घेतली, त्याची विद्या खोटी नव्हे. परंतु अपुरी होऊ शकते. म्हणून परवाना एकदा देऊन भागत नाही. तो नवा करून घ्यावा लागतो, आणि नवा करणे म्हणजे केवळ फीची पावती फाडणे नव्हे.

हे सर्व आमच्या कल्पनेतले मनोरे नाहीत. अमेरिकेतही लिफ्टचा परवाना हा संघराज्याचा नव्हे, तर एकेका राज्याचा विषय आहे, आणि सर्वच राज्यांत ही पद्धत आहे असेही नाही. परंतु कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स अशा अनेक राज्यांत लिफ्टच्या कारागिराला त्याच्या स्वतःच्या नावाचा परवाना अथवा प्रमाणपत्र काढावे लागते. न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा २०२० च्या आरंभी केला. कॅलिफोर्नियात हे काम कामगार-सुरक्षा खात्याकडे आहे. इलिनॉयमध्ये ते राज्याच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या कचेरीतून होते. ठेकेदाराचा परवाना निराळा, निरीक्षकाचा निराळा, कारागिराचा निराळा. कारागिराने तीन वर्षांचा अनुभव दाखवून लेखी परीक्षा द्यावी, अथवा उमेदवारीचा मान्य अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. तेथील लिफ्ट-कामगारांच्या संघटनेचा आणि मालकांचा संयुक्त अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. दिवसा शाफ्टात काम आणि त्याच्या जोडीला वर्ग, अशी ती चार वर्षे असतात.

नूतनीकरणाची रीत तर पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी प्रमाणपत्र नवे करावे लागते आणि त्यासाठी आधीच्या वर्षभरात किमान आठ तासांचे शिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा लागतो. आठ तास म्हणजे काही फार नव्हेत. आमच्या मते ते अपुरेच आहेत. परंतु शून्यापेक्षा आठ बरे. आजारपणामुळे ज्याला वर्गास जाता आले नाही, त्याने वैद्याचा दाखला देऊन मुदत मागून घ्यावी, अशीही सोय या धर्तीच्या कायद्यांत आहे. कायदा करणाऱ्याला माणूस आजारी पडतो हे ठाऊक होते, एवढ्यासाठी आम्ही ही बारीक तरतूद येथे नोंदविली.

याहून महत्त्वाच्या दोन तरतुदी आहेत. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांच्या कायद्यांत असे म्हटले आहे की, ज्याच्याजवळ दुसऱ्या राज्याचा परवाना आहे आणि त्या राज्याच्या अटी आपल्या अटींच्या तोडीच्या आहेत, त्याला पुन्हा परीक्षेस न बसविता परवाना देता येईल. राज्य वेगळे, सरकार वेगळे, परंतु लिफ्ट तीच आणि तिचे गुरुत्वाकर्षण तेच, हे त्यांनी मान्य केले. आमच्या अनगोळच्या तरुणाने विचारले ते याहून निराळे काय होते? दुसरी तरतूद जुन्या कारागिरांची. कायदा नव्याने लागू झाला, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी माणसांना ठराविक मुदतीत पुरावा देऊन, परीक्षेवाचून परवाना घेण्याची संधी दिली गेली. ज्यांच्या हातात कसब आहे आणि कागद नाही, त्यांना एका रात्रीत बेकायदा ठरवावयाचे नाही, हा त्यामागचा विवेक.

अमेरिकेचे सर्वच सोने आहे असे आम्ही म्हणत नाही. परवाना ही दुधारी वस्तू आहे. ज्यांच्या हातात ती आधी पडते, ते मागून येणाऱ्यांसाठी दार ओढून घेण्याचा संभव असतो, आणि परवान्यांमुळे धंदा मूठभरांच्या हाती राहतो, अशी टीका तेथेही होते. आपल्याकडे तर परवाना म्हटला की हेलपाटे आणि हेलपाट्यांच्या मागोमाग दलाल, हे समीकरण सर्वांच्या अनुभवाचे आहे. म्हणून केवळ आणखी एक परवाना मागणे हा आमचा हेतू नाही. ज्या परवान्याने कारागिराची किंमत वाढेल तो हवा. आज ठेकेदाराने नोकरीवरून काढले की त्या कारागिराची नऊ वर्षे हवेत विरतात, कारण ती कोणत्याही सरकारी नोंदीत त्याच्या नावावर जमा नसतात. स्वतःच्या नावाचा परवाना असेल, तर "हा जम्पर लावून लिफ्ट चालू ठेव, उद्या पाहू" असे सांगणाऱ्या मालकाला तो निर्भयपणे सांगू शकेल की, साहेब, माझा परवाना जाईल. त्याच्या नकाराला कायद्याचा आधार मिळेल. आज त्याच्यामागे फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि तिच्यावर घरभाडे भागत नाही.

सीमाभागात या सर्व प्रश्नाला आणखी एक धार आहे. बेळगावहून शिनोळीची हद्द पंधरा-वीस किलोमीटरांवर. कोल्हापूर शंभरावर थोडे. बंगळूर पाचशेच्या घरात. ज्याचे आजोळ चंदगडात, सासर निपाणीत आणि उमेदवारी कोल्हापुरात, अशा आमच्या कारागिराचे कार्यक्षेत्र निसर्गाने आणि नात्यागोत्याने आखलेले आहे. त्याच्यावरून रेघ ओढली ती शासनाने. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही व्यवसाय करण्याचा अधिकार दिला आहे. त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडाने व्यवसायासाठी तांत्रिक अर्हता ठरविण्याची मुभा शासनाला दिली आहे. ती मुभा अर्हतेसाठी आहे. हद्दीचा दगड ही काही तांत्रिक अर्हता नव्हे. आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत लिफ्ट आणि एस्कलेटर मेकॅनिकचा व्यवसाय आहे. त्याचे प्रमाणपत्र देशभर चालते. लिफ्टची मानकेही भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे देशाला एकच. यंत्राचे माप एक, शिक्षणाचे प्रमाणपत्र एक, मग हाताचा परवाना तेवढा हद्दीवर का अडावा?

सीमाप्रश्न सुटेल तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल, असे आमचे काही मित्र म्हणतील. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. तो निकालात निघावा म्हणून आम्ही झटतो आणि झटत राहू. पण ज्या कारागिराचे उमेदीचे दिवस या दाव्याच्या कागदांबरोबर पिवळे पडत आहेत, त्याला निकालापर्यंत उपाशी थांब म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? शिवाय हा प्रश्न केवळ मराठी माणसाचा नाही. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत अथवा कोल्हापुरात काम मागणाऱ्या कन्नड भाषक कारागिराच्या वाट्यालाही हीच भिंत येते. त्याची बाजू मांडताना आम्हांस संकोच वाटत नाही.

तेव्हा दोन्ही राज्यांच्या विद्युत निरीक्षण खात्यांनी एका मेजाशी बसावे. लिफ्टच्या कारागिरासाठी व्यक्तिगत परवाना निर्माण करावा, आणि एकमेकांचा परवाना परीक्षेवाचून मान्य करावा. नियमात 'मान्य केलेला' हे शब्द असताना नवे तत्त्व शोधण्याचे कारण नाही. इच्छा असली की पुरे. जुन्या कारागिरांना निदान वर्षभराची मुदत द्यावी आणि त्यांची कसोटी वहीवर घेण्याऐवजी शाफ्टात घ्यावी. कुलपाचा जोड तपासून दाखव, गव्हर्नर सोडवून दाखव, पाळण्यावर चढण्यापूर्वी कोणता खटका बंद करतोस ते कर, असे विचारावे. उत्तर तो मराठीत देवो की कन्नडात. नूतनीकरणाचे वर्ग बेळगावात भरावेत. आठ तासांच्या शिक्षणासाठी हजार किलोमीटरांचा जाण्यायेण्याचा प्रवास घडविणे म्हणजे शिक्षणापेक्षा शिक्षाच मोठी.

हे घडेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे उपयोगाचे नाही. लिफ्टच्या कामात असलेल्या आमच्या तरुणांनी आजपासून एक गोष्ट करावी. ज्या ज्या ठेकेदाराकडे काम केले, त्याच्याकडून कामाच्या तारखा, इमारतींची नावे आणि लिफ्टचा प्रकार लिहिलेला सही-शिक्क्याचा दाखला घ्यावा. नोकरी सोडताना घ्यावा, नंतर तो मिळत नाही. वायरमनचा परवाना असेल तर त्याची मुदत चुकू देऊ नये. दुसऱ्या राज्याचा परवाना मान्य करावा असा अर्ज लेखी द्यावा, तोंडी नकारावर परत फिरू नये. नकार मिळाला तर त्याविरुद्धचे गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिला आहे. उत्तर त्याच भाषेत येईल अशी हमी त्यात नाही, पण गाऱ्हाणे मराठीत आहे एवढ्याच कारणाने ते परत करता येत नाही. अनगोळच्या त्या तरुणाचा अर्ज आम्ही कचेरीत बसूनच लिहिला. दोन प्रती केल्या, नऊ वर्षांचे दाखले जोडले, आणि खिडकीवर देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावयास त्याला सांगितले आहे.